देवकण, देव आणि तज्ज्ञांचा शब्द
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त दिलेले व्याख्यान)



समितीने विषयाची मोकळीक दिली तेव्हा काहींना वाटलं असेल, सूतगिरणीतला माणूस आहे, बोनस-पगारावर बोलेल, नाहीतर आरक्षणावर बोलेल. ते विषय जिव्हाळ्याचे आहेतच. पण गेली काही वर्षे आमच्या पाळीत, चहाच्या गाड्यावर आणि याच विहाराच्या ओट्यावर एक वाद पुन्हा पुन्हा निघतो. त्या वादाची आज शांतपणे चिकित्सा करावी, असे आम्ही ठरवले.

वाद असा. आम्ही बौद्ध लोक देव मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यातल्या पहिल्याच प्रतिज्ञांनी आम्ही देवांच्या मांडवातून बाहेर पडलो. मग आमच्याच पाळीतला एक माळकरी सोबती, फार सज्जन माणूस, आम्हाला म्हणतो, "दादा, तुम्ही म्हणता देव दिसत नाही म्हणून मानत नाही. मग तो देवकण तरी तुम्ही कुठं बघितला? तुम्ही नाही, तुमच्या मास्तरानं नाही, अहो, ज्यानं शोधला त्यानंही डोळ्यानं बघितला नाही. कुणीतरी मोठ्या माणसानं सांगितलं आणि तुम्ही मान हलवली. आम्हालाही संतांनी सांगितलं, आम्ही मान हलवली. मग तुमच्यात न् आमच्यात फरक काय? तुमचीही श्रद्धाच की."

मित्रहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुष्कळ शिकलेली माणसेही या प्रश्नापाशी अडखळतात आणि मग चिडून समोरच्याला अडाणी म्हणतात. चिडणे म्हणजे उत्तर नव्हे. हा प्रश्न बिनमहत्त्वाचाही नाही. आमच्या वस्तीत एका तरुण मुलाला क्षयाची बाधा झाली. सरकारी दवाखान्यातून फुकट औषध सुरू झाले. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगात ताकद आली आणि कोण्या बाबाने अंगारा देऊन सांगितले, आता गोळ्या बंद कर. आम्ही समजवायला गेलो तर तो पोरगा म्हणाला, "डॉक्टरवर पण विश्वासच ठेवायचा ना? मग बाबावर ठेवला तर काय बिघडलं?" वर्षभरात रोग उलटला, आणि तो साध्या औषधाला दाद देईना. पुढचा उपचार लांबला, कामही गेले. पोरगा वाचला, पण त्याने त्या एका वाक्याची किंमत मोजली. सगळे विश्वास सारखेच, या वाक्याची. म्हणून हा वाद नुसत्या कणाचा नाही, माणसांच्या जिवाचा आहे.

प्रथम त्या 'देवकणा'चे बघू. नावावरूनच निम्मा घोळ झालेला आहे. १९६४ साली पीटर हिग्ज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे बेल्जियममधील फ्रांस्वा आंग्लेर व रॉबर्ट ब्राउट यांनी गणित मांडले, की सगळ्या विश्वात एक क्षेत्र पसरलेले असावे आणि त्याच्याशी असलेल्या संबंधातून मूलकणांना वस्तुमान मिळत असावे. असे क्षेत्र असेल तर त्याचा एक कणही सापडला पाहिजे. हाच तो हिग्ज बोसॉन. यातला 'बोसॉन' हा शब्द आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आलेला आहे. ढाका विद्यापीठात शिकवत असताना १९२४ साली त्यांनी आपला निबंध आइनस्टाइन यांना पाठवला आणि तिथून त्यांचे नाव एका साऱ्या कणकुळाला मिळाले.

मग यात देव आला कुठून? लिऑन लेडरमन या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने १९९३ साली एक पुस्तक काढले आणि त्याला 'गॉड पार्टिकल' असे नाव दिले. पुढे ते गमतीने सांगत, की हा कण इतका छळतो म्हणून त्याला शिवी देणारे नाव द्यायचे होते, प्रकाशकाने ते चालू दिले नाही. त्या अर्ध्या शिवीचे आपल्या वर्तमानपत्रांनी 'देवकण' केले आणि गावोगाव लोकांना वाटले, विज्ञानाला देव सापडला! खुद्द हिग्ज यांना हे नाव मुळीच आवडत नसे. ते स्वतः देव मानणारे नव्हते. ८ एप्रिल २०२४ रोजी ते वारले. आणि हा कण सगळ्या वस्तुमानाचा कर्ता-करविता आहे, हेही खरे नाही. तुमच्या-आमच्या शरीराचे बहुतेक वजन अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनचे असते, आणि त्या वजनाचा फार मोठा भाग त्यांच्या आत कोंडलेल्या ऊर्जेतून येतो. तेव्हा देवकण हा देवही नाही आणि विश्वाचा निर्माताही नाही.

आता मूळ सवाल. तो पाहिला कोणी? फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर, जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर, सुमारे २७ किलोमीटर घेराचा बोगदा आहे. सर्न या संस्थेच्या या यंत्रात प्रोटॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर आदळवतात. अशा साधारण शंभर कोटी टकरींत एखादा हिग्ज कण तयार होतो, आणि तोही सेकंदाच्या अब्जांशाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात फुटून जातो. राहतात ते त्याचे तुकडे. उपकरणात सापडतात ते त्या तुकड्यांचे माग. तेव्हा आमचा सोबती बरोबर बोलतो. हिग्ज कण कुणीही डोळ्याने पाहिलेला नाही.

पण डोळ्याने पाहणे हीच कसोटी आम्ही कधी धरली? रिंग फ्रेमवर काम करणारा जुना कामगार नुसत्या आवाजावरून सांगतो, की अमक्या बाजूचे बेअरिंग गेले. त्याने आत डोकावून पाहिलेले नसते. खुणेवरून कारण ओळखणे ही माणसाची रोजची विद्या आहे. क्षयाचे जंतू १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवले, त्याआधी ते नव्हते असे थोडेच आहे?

यावर आमचा सोबती म्हणेल, "मग आम्हीही खुणेवरूनच ओळखतो. नवस बोललो, मूल झालं. ही खूणच की." इथे नीट थांबायला पाहिजे. खूण दिसली एवढ्याने भागत नाही. पुढचा प्रश्न असा, की ते कारण नसते तर ही खूण दिसली असती का? नवस न बोलणाऱ्यांनाही मुले होतात. नवस बोलून न झालेल्यांची नावे देवळाच्या भिंतीवर लिहीत नाहीत. म्हणजे त्या खुणेने काही ठरत नाही.

सर्नच्या लोकांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला. असा कण नसताना, केवळ योगायोगाने, टकरींच्या ढिगाऱ्यात असाच उंचवटा दिसण्याचा संभव किती? तो साधारण पस्तीस लाखांत एक इतका कमी होईपर्यंत 'शोध लागला' असे म्हणायचे नाही, हा त्यांच्या शास्त्राचा दंडक आहे. सोप्या भाषेत, नाणे सलग एकवीस-बावीस वेळा फेकावे आणि प्रत्येक वेळी छापाच पडावा, तेव्हा आपण म्हणतो ना, की या नाण्यातच काहीतरी आहे, तसे. आणि हे एका गटाने नाही केले. ॲटलास आणि सीएमएस असे दोन वेगळे गट, प्रत्येकात सुमारे तीन हजार माणसे, उपकरणे वेगळी, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या. ४ जुलै २०१२ रोजी दोघांनी आपापले निकाल मांडले आणि दोघांचा कण एकाच वजनाच्या जागी निघाला. सीएमएस गटात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह आपल्या देशातील अनेक संस्थांचे लोक होते. १९६४ ते २०१२ म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे. इतकी वर्षे हे गणित खरे की खोटे हे ठरलेले नव्हते, आणि ज्यांनी मानले नाही त्यांना कुणी पापी म्हटले नाही, वाळीत टाकले नाही. नोबेल मिळाले ते २०१३ साली, कण सापडल्यावर. ब्राउट तोवर वारले होते.

आता आणखी एक उदाहरण सांगतो, कारण आमच्या मते विज्ञानावर विश्वास का ठेवावा याचे सगळ्यात मोठे कारण त्याच्या विजयात नाही, त्याच्या फजितीत आहे. सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतल्या ऑपेरा नावाच्या प्रयोगाने जाहीर केले, की सर्नहून जमिनीतून सुमारे ७३० किलोमीटर आलेले न्यूट्रिनो हे कण प्रकाशापेक्षा ६० अब्जांश सेकंद आधी पोहोचले. प्रकाशापेक्षा वेगवान! आइनस्टाइन खोटा ठरला, अशा बातम्या जगभर झाल्या. पण त्या शास्त्रज्ञांनी काय म्हटले? त्यांनी म्हटले, आम्हाला यात चूक सापडत नाही, तुम्ही शोधा. आणि शोधता शोधता २०१२ साली निघाले काय, तर एक केबल नीट बसलेली नव्हती. ढिली केबल! गिरणीत ढिल्या केबलने फ्रेम बंद पडते, तिथे ढिल्या केबलने प्रकाशाचा वेग मोडला. त्याच ठिकाणच्या दुसऱ्या गटाने मोजले, वेग नेहमीचाच निघाला. पहिला दावा मागे घेतला गेला आणि त्या प्रयोगाच्या प्रमुखांनी पद सोडले. तसेच डिसेंबर २०१५ मध्ये सर्नमध्ये आणखी एका नव्या कणाचा उंचवटा दिसल्यासारखे झाले. ऑगस्ट २०१६ पर्यंत जास्त आकडे आले आणि तो उंचवटा विरून गेला. तेही त्यांनीच सांगितले.

आता आम्ही नम्रपणे विचारतो. नवस फळला नाही म्हणून एखाद्या देवस्थानाने दावा मागे घेतल्याचे कुणी ऐकले आहे का? पीक बुडाले तर भक्ताचे पाप, पिकले तर देवाची कृपा. ज्या म्हणण्याला खोटे ठरण्याची वाटच ठेवलेली नाही, ते खरे ठरण्याचीही सोय उरत नाही. विश्वास आणि विश्वास यांत फरक आहे तो इथे आहे.

तथागतांनी हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भगवंतांकडे येतात. ब्रह्म्याकडे जाण्याचा मार्ग कोणता, यावर त्यांचा वाद असतो. भगवंत त्यांना विचारतात, तुमच्यापैकी कुणी ब्रह्मा पाहिला का? तुमच्या गुरूंनी? गुरूंच्या गुरूंनी? सात पिढ्यांमागच्या कुणी? उत्तर येते, नाही. मग भगवंत आंधळ्यांच्या रांगेचा दृष्टांत देतात. एकमेकांना धरून चाललेले, पुढच्याला दिसत नाही, मधल्याला नाही, मागच्याला नाही. आता आमचा सोबती म्हणेल, शास्त्रज्ञांचीही रांगच की! होय, रांग आहे. पण या रांगेतल्या कुणालाही रांग सोडून स्वतः तपासायला जाता येते, आणि पुढचा खड्ड्यात चालला आहे असे ओरडून सांगणाऱ्याला मान मिळतो. ऑपेराच्या वेळी तेच घडले.

मग आपण कामगारांनी, शेतमजुरांनी, धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणींनी काय करायचे? आपण तर जिनिव्हाला जाऊन तपासू शकत नाही. खरे आहे, सगळे काही आपल्या हाताने कुणालाच तपासता येत नाही. खुद्द शास्त्रज्ञालाही येत नाही. कण मोजणारा आजारी पडला की डॉक्टरकडेच जातो. तेव्हा विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्नच चुकीचा. कोणत्या अटींवर ठेवावा, हा खरा प्रश्न.

गिरणीतले उदाहरण घ्या. सुताचा काउंट ठरतो तो लॅबमध्ये. एका पौंडात ८४० यार्डांच्या चाळीस लडी बसल्या तर ते चाळीस नंबरी सूत. आम्ही सूत काढणारे रोज मोजत बसत नाही. लॅबवाला १२० यार्डांची लडी गुंडाळून वजन करतो आणि फळ्यावर आकडा लिहितो. तो आकडा आम्ही मानतो. लॅबवाला देवमाणूस आहे म्हणून नाही. शंका आली तर "माझ्यासमोर पुन्हा कर" असे म्हणता येते म्हणून. चूक झाली तर पुढे मागवाल्याच्या हातात सूत तुटेल आणि बोंब होईल म्हणून. वजनकाटा त्याचा खासगी नाही म्हणून. तज्ज्ञावरचा विश्वास असा असावा. पाया पडायची गरज नाही, तपासायचा हक्क राखलेला असावा.

कालाम सुत्त आपण नेहमी सांगतो. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी सांगितले, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा हा श्रमण आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. पण पुढचा भाग बरेच जण सोडून देतात. भगवंत असे म्हणत नाहीत, की मनाला येईल ते खरे. ते म्हणतात, हे कुशल की अकुशल, याने हित होते की अहित, हे स्वतः जाणा आणि जाणते लोक त्याला काय म्हणतात तेही बघा. म्हणजे जाणत्यांना भगवंतांनी हाकलून दिलेले नाही. त्यांना योग्य जागी बसवले आहे. गुरूचा शब्द शेवटचा नाही, आणि माझा लहरी शब्दही शेवटचा नाही. जो पोरगा म्हणाला, की मला गोळीपेक्षा अंगारा पटतो, तो कालाम सुत्त पाळत नव्हता, मोडत होता.

आता तज्ज्ञांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. नाहीतर एका पुरोहिताला काढून दुसरा बसवल्यासारखे होईल.

पहिली गोष्ट, तज्ज्ञ आपल्या शेतातच तज्ज्ञ असतो. अवकाशात यान पाठवणारे शास्त्रज्ञ उड्डाणाआधी यानाची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात. त्यांचे यान उडते ते गणिताने, त्यांच्या पूजेने गणितातला एक आकडा बदलत नाही. म्हणून त्यांच्या गणितावर विश्वास ठेवावा, त्यांच्या पूजेला विज्ञानाचा शिक्का समजू नये. सर्नच्या आवारात नटराजाची दोन मीटर उंच मूर्ती आहे, हे दाखवून लोक म्हणतात, विज्ञानाने शंकर मान्य केला. ती मूर्ती भारत सरकारने भेट दिली आणि २००४ साली तिथे बसवली. भेट म्हणजे भेट, पुरावा नव्हे. २०१५ च्या जानेवारीत मुंबईला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. व्यासपीठ मोठे होते. पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच ते वैमानिक शास्त्र तपासून दाखवले होते, की त्यातली विमाने उडू शकत नाहीत. तेव्हा व्यासपीठ बघू नका, तपासणी बघा.

दुसरी गोष्ट, तज्ज्ञाला पगार कोण देतो ते बघा. कापसाच्या धुळीने छाती भरते. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर आलो की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, हे ब्लोरूम-कार्डिंगमधल्या प्रत्येक जुन्या माणसाला माहीत आहे. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. आमच्या ओळखीच्या एका कामगाराला मालकाच्या डॉक्टरने सांगितले, बिडी सोड, बाकी काही नाही. तोही तज्ज्ञच होता! पण १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. शिलिंग यांनी कामगारांनाच विचारले, सोमवारी छाती आवळते का? त्या उत्तरांवरून त्यांनी रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. आज आपल्या देशातही कायद्याच्या यादीत हा धंद्यातून होणारा रोग म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे खोट्या तज्ज्ञाला उत्तर दिले ते खऱ्या तज्ज्ञाने, आणि त्या खऱ्या तज्ज्ञाने कामगाराचा शब्द पुरावा मानला. तज्ज्ञावर रागावून विज्ञान सोडले असते तर नुकसान आपलेच होते.

तिसरी गोष्ट, अर्धवट बातमी. १० सप्टेंबर २००८ रोजी सर्नचे ते मोठे यंत्र सुरू व्हायचे होते. आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी जग बुडणार, पृथ्वी गिळली जाणार, असा दिवसरात्र धोशा लावला. मध्य प्रदेशातील एका शाळकरी मुलीने त्या भीतीने विष घेतले, अशी बातमी वर्तमानपत्रांत आली. त्या घरात कुणीतरी एवढेच सांगणारे असते, की याहून जोरदार टकरी आकाशातून येणारे कण कोट्यवधी वर्षे करत आहेत आणि पृथ्वी जागेवर आहे, तर ती पोर वाचली असती. शास्त्रज्ञांनी हे सांगितले होते. पण ते तिच्यापर्यंत पोहोचले नाही, वाहिनी पोहोचली.

आता थोडे आपल्या घरात बघू. देवावर बोलताना आपली जीभ धारदार चालते. पण आपल्याच काही वस्त्यांत भिंतीवर आइनस्टाइन यांचे म्हणून एक वाक्य रंगवलेले असते, की भविष्यकाळाचा धर्म बुद्धधम्मच असेल. ते वाक्य त्यांच्या लेखनात सापडत नाही. १९३० सालच्या एका लेखात त्यांनी वैश्विक धर्मभावनेची चर्चा करताना बुद्धधम्माचा आदराने उल्लेख केला, तेवढा खरा. मग न म्हटलेले वाक्य त्यांच्या तोंडी का घालायचे? कुणी म्हणते, भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच मूलकण सांगितले होते. बंधूंनो, हे म्हणणे आणि पुराणातली विमाने, यांत जातीचा फरक नाही. कसोटी दुसऱ्याला आणि सवलत आपल्याला, असे चालणार नाही. बुद्धाला जिनिव्हाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

कारण आपला अनीश्वरवाद त्या कणावर उभा नाही. हिग्ज कण सापडल्याने देव नाही असे सिद्ध होत नाही, आणि न सापडता तर देव आहे असेही सिद्ध झाले नसते. ज्या सिद्धांतात हिग्ज यांची कल्पना वापरली गेली, त्याबद्दल १९७९ साली तिघांना नोबेल मिळाले. त्यांतले स्टीव्हन वाइनबर्ग देव न मानणारे, आणि पाकिस्तानचे अब्दुस सलाम हे श्रद्धाळू मुसलमान. दोघे वेगवेगळ्या वाटांनी त्याच गणिताला पोहोचले. प्रयोगाने दोघांच्या श्रद्धा विचारल्या नाहीत. आणि सलाम यांचा अहमदिया पंथ मुसलमान नाही, असे त्यांच्या देशाने १९७४ सालीच ठरवून टाकले होते. प्रयोगशाळेने ज्याला समान मानले, त्याला धर्माच्या सत्तेने बाहेर काढले. आपल्या पूर्वजांना हा अनुभव नवा नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ईश्वर नाकारला तो मुख्यतः माणसासाठी. जगाची उत्पत्ती कशी झाली हा धम्माचा विषय नव्हे, माणसाने माणसाशी कसे वागावे हा धम्माचा विषय. देवाच्या नावावर जो माणूस पाण्यापासून दूर ठेवला गेला, त्याला कणाचा हिशेब नंतर, आधी न्याय पाहिजे होता. भगवंतांनी मालुंक्यपुत्ताला हेच समजावले. बाण लागलेला माणूस, धनुष्य कुणी बनवले ते कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणाला, तर तो मरून जाईल. म्हणून विश्वाचे कोडे शास्त्रज्ञांनी सोडवावे, आपण ते आनंदाने शिकावे, आणि बाण काढण्याचे काम थांबवू नये.

पण याचा अर्थ विज्ञान आपले नाही, असा मात्र नाही. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, १९६५ साली टाटा संस्था, जपानचे ओसाका आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद घेतली. जगातल्या पहिल्या नोंदींपैकी ही एक. ती खाण खणली कुणी? मुख्यतः तमिळ दलित मजुरांनी. आणि त्याच कोलारच्या मजुरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंडित अयोथी दास यांच्या प्रेरणेने बौद्ध संघटना उभी राहिली होती. म्हणजे बाबासाहेबांच्या दीक्षेच्या कितीतरी आधी तिथले मजूर बुद्धवंदना म्हणत होते, आणि त्यांच्या पिढ्यांनी खणलेल्या अंधारात पुढे विश्वाचे कण मोजले गेले. खड्डा आपल्या हातांचा, मोजमाप दुसऱ्यांचे. हा हिशेब बदलायचा आहे. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला यांना विज्ञानलेखक व्हायचे होते. १७ जानेवारी २०१६ रोजी आपण त्यांना गमावले. तज्ज्ञांवर आपला विश्वास बसावा असे वाटत असेल, तर तज्ज्ञांच्या खुर्चीवर आपलीही मुले-मुली बसली पाहिजेत आणि बसल्यावर जिवंत राहिली पाहिजेत.

राज्यघटनेच्या ५१-क कलमात, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने, वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ते कर्तव्य बजावताना डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा आला, पण तो अंगारा अजून वस्तीत फिरतो आहे.

म्हणून समितीपुढे आमची एक सूचना आहे. रविवारच्या वंदनेनंतर एक तास ठेवावा. कुणी वर्तमानपत्रातली बातमी आणावी, कुणी मोबाइलवर आलेला निरोप आणावा, कुणी डॉक्टरांची चिठ्ठी आणावी, आणि त्यावर तीन प्रश्न विचारावेत. हे कुणाला कसे कळले? हे चुकीचे असेल तर ते कशाने कळेल? आणि हे मानल्याने कुणाचे भले, कुणाचे नुकसान? हे प्रश्न देवाला विचारा, शास्त्रज्ञाला विचारा, पुढाऱ्याला विचारा, व्यासपीठावरून बोलणाऱ्या आम्हालाही विचारा. आणि आमच्या त्या माळकरी सोबत्यालाही त्या तासाला बोलवा. तो आमचा वैरी नाही. त्याने प्रश्न विचारला म्हणून तर आज इतके बोलणे झाले. तो आला तर त्याला आधी चहा द्या, मग वाद घाला.



जयभीम! नमो बुद्धाय!